मोहोराचा हिशेब

(कोजागिरीच्या संमेलनात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘पंधरा मिनिटं बोला, पण थकबाकीवर नको’ अशी अट घालून सेक्रेटरींनी मला उभं केलं आहे. म्हणून झाडांवर बोलतो. बँकेतल्या नोकरीची माझी अकरा वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात गेली. आंबा बागायतदारांची कर्जं मंजूर करण्याआधी बाग पाहायला जावं लागे. वसुली होणार की नाही ते मोहोरावर ठरायचं, त्यामुळे मोहोर वाचायला शिकलो. पात्रता एवढीच, बाकी मी कॉमर्सचा पदवीधर.

विषय अर्थातच बी विंगसमोरच्या आंब्याचा. ‘झाड फळत नाही, गाड्या चिकट होतात, तिथे दोन पार्किंग निघतील’ असा अर्ज कमिटीकडे आला आहे आणि पुढच्या महिन्यात विशेष सर्वसाधारण सभेत त्यावर मतदान आहे. मत देण्याआधी या झाडाचं खातं एकदा उघडून पाहू या.

आंबा वर्षभर सारखा वाढत नाही. त्याला पालवी लाटांनी येते. पावसाळ्यानंतरची तांबूस पालवी हिरवी होऊन चांगली जून झाली आणि पुढे काही आठवडे थंड रात्री मिळाल्या, की डहाळीच्या टोकाच्या डोळ्यातून मोहोर निघतो. टोकाच्या, हे महत्त्वाचं! गेल्या दिवाळीत रोषणाईच्या माळांना आड येतात म्हणून हीच टोकं छाटली गेली. मोहोर यायचा त्या जागाच गेल्या. छाटणी करायचीच तर फळं उतरल्यावर लगेच करावी, म्हणजे नव्या फुटीला जून व्हायला वेळ मिळतो.

दुसरी गोष्ट. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात या झाडाच्या फांद्या फळांनी वाकल्या होत्या. आठवतं ना? घरटी दोन डझन कैऱ्या वाटल्या होत्या, लोणची झाली. एका वर्षी एवढा खर्च केल्यावर झाड पुढच्या वर्षी हात आखडतं. बरेच आंबे असे वर्षाआड फळतात, हापूसही त्यातलाच. एका वर्षाच्या ताळेबंदावरून आमच्याकडे कुणाला बुडीत ठरवत नसत.

आता फुलाकडे येऊ. मोहोराच्या एका तुऱ्यात शेकड्यांनी, कधी हजारांनी फुलं असतात. त्यातली बरीचशी नुसती नरफुलं. ज्यांत पुंकेसर आणि बीजांडकोश दोन्ही आहेत, अशाच फुलांना फळ धरू शकतं. त्यातूनही शेवटपर्यंत टिकतो तुऱ्यामागे एखाद-दुसरा आंबा. कित्येक तुऱ्यांना तोही नाही. असा प्रस्ताव आला असता तर आमच्या हेड ऑफिसने फाईल परत पाठवली असती. आंबा मात्र हाच व्यवहार हजारो वर्षं करतो आहे.

आंब्याचे पराग वाऱ्यावर फारसे जात नाहीत. ते नेतात कीटक, आणि त्यात मोठा वाटा माश्यांचा. होय, साध्या माश्या! त्यांच्या जोडीला मधमाश्या, मुंग्या. हापूसला स्वतःच्याच परागांनी फळ कमी धरतं, म्हणून जाणते बागायतदार हापूसच्या बागेत दुसऱ्या जातींची चार कलमं राखतात. माशी या झाडावरून त्या झाडावर गेली, तर पेटी भरते. आपला आंबा तर रायवळ, कुणीतरी टाकलेल्या कोयीतून उगवलेला. त्याला माणसाने फार काही करायचं नाही, फक्त आड यायचं नाही.

यंदा उरलेल्या टोकांवर जानेवारीत थोडा मोहोर आला होता. नेमक्या त्याच आठवड्यात आवारात तीन संध्याकाळी धुराची फवारणी झाली. त्या धुरात डासांबरोबर माश्याही गेल्या. मी फवारणीच्या विरोधात नाही. डी विंगमधल्या दोन मुलांना डेंग्यू झाला होता, त्यांच्या आयांची भीती खोटी नव्हती. पण डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि चावतो दिवसा. धुराने उडणारा डास मरतो, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीतले डबे, टाकीचं झाकण हे दर आठवड्याला पाहिलं, तर काम अधिक होईल आणि मोहोरही वाचेल.

गाड्यांच्या चिकटपणाबद्दल तक्रार रास्त आहे. मोहोराचा रस शोषणारे तुडतुडे गोड चिकट द्रव टाकतात, त्यावर पुढे काळी बुरशी धरते. दाट, कोंदट झाडावर ते जास्त होतात. आतल्या काही फांद्या विरळ करून ऊन-वारा खेळू दिला, तर त्रास कमी होतो. तोवर त्या दोन महिन्यांसाठी गाडीवर कव्हर घालावं, असं माझं मत. तोडायचंच ठरलं, तरी 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हेही अर्जदारांनी लक्षात घ्यावं.

बाकीची झाडं थोडक्यात. मागच्या बाजूच्या पपईला लांब देठांवर फुलांचे घोस लोंबतात आणि पपई एकही नाही, असं वहिनी विचारत होत्या. ती नर पपई आहे. खतपाण्यात कसूर नाही. कोपऱ्यातल्या केळीला परागीभवन लागतच नाही, म्हणून केळ्यात बिया नसतात. सीताफळाचं फूल आधी मादी असतं आणि नंतर नर होतं. दोन्ही कामं एका वेळी करत नाही. एरवी हे काम बारीक भुंगेरे करतात. मे महिन्यात मुलांनी चित्रकलेचा मऊ ब्रश घ्यावा, पराग झडू लागलेल्या फुलातले पराग नुकत्याच उघडू लागलेल्या फुलात लावावेत. कुठल्या फुलाला लावले, ते ओळखायला दोरा बांधावा.

माझी सूचना लेखी दिली आहे. निर्णय दोन मोहोरांपुरता पुढे ढकलावा, तोवर दिवाळीत टोकं छाटू नयेत आणि मोहोराच्या काळात त्या बाजूला धूर करू नये. त्यानंतर जे बहुमताने ठरेल ते मान्य. सध्या झाडावर नवी पालवी आहे. चांदणं चांगलं आहे, जाताना बी विंगवरून जा आणि पाहून घ्या. तिथे मसाला दूध निवतंय, मी थांबतो.