ताटातील भाकरी आणि शिवारातील पाणी

(बिबवेवाडी येथील कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपण बिबवेवाडीकर मार्केट यार्डाचे शेजारी. महाराष्ट्राच्या शिवारात जे पिकते, ते रोज पहाटे आपल्या दाराशी येऊन उतरते. शेतकरी पिकवतो आणि आपण खातो, अशी आपली समजूत असते. परंतु आपण जे विकत घेतो, तेच पेरणे शेतकऱ्याला परवडते, हेही तितकेच खरे आहे.

रब्बी ज्वारीचा विचार करा. सोलापूर, अहिल्यानगर आणि मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत पावसाळ्याच्या अखेरीस तिची पेरणी होते. जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावरच ती बहुतांशी वाढते. दाणा माणसाला, कडबा गुराला. ऊस मात्र बारा ते अठरा महिने शेतात उभा असतो आणि सतत पाणी मागतो. राज्याच्या एकूण पीकक्षेत्राच्या ४ टक्क्यांहून कमी जमिनीवरचा ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी घेतो, असे केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने नमूद केले होते. आणि याच महाराष्ट्रात एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांना पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने न्यावे लागले!

यात शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. उसाला ठरलेला दर आहे, घेणारा कारखाना आहे. ज्वारीच्या काढणीला मजूर मिळत नाहीत आणि भावाची शाश्वती नाही. आपण चहातील साखर कमी केल्याने उसाचे क्षेत्र लगेच घटणार नाही. पण कोरडवाहू शेतकऱ्याची ज्वारी योग्य भावाने घेणे आपल्या हाती निश्चित आहे. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. जगाला आपण भरडधान्याचे महत्त्व सांगितले. आपल्या घरात मात्र भाकरी पाहुणी झाली आहे. भाकरी थापायला वेळ लागतो, ही गृहिणींची अडचण खरी आहे. मग हे काम त्यांच्या एकट्यावरच का सोपवावे? घरातील पुरुषांनी आणि मुलांनीही परातीसमोर बसावे.

दुसरा विषय उष्ट्या अन्नाचा. २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, असा संयुक्त राष्ट्रसंघाचा अंदाज आहे. अन्न टाकले की ते पिकवायला लागलेले पाणी, खत आणि श्रमही वाया जातात. कचऱ्याच्या ढिगात कुजताना त्यातून मिथेन वायू निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. पुण्याच्या कचऱ्याची दुर्गंधी उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी वर्षानुवर्षे सोसली, आंदोलने केली. त्या ढिगांत आपल्या मंगल कार्यालयांतील पंगतींचाही वाटा होता.

ईशावास्य उपनिषदाने त्यागपूर्वक उपभोगाचा संस्कार दिला. जेवणापूर्वी आपण श्लोक म्हणतो आणि पान मात्र अर्धे भरलेले ठेवून उठतो, ही विसंगती दूर केली पाहिजे.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने तीन गोष्टी ठरवाव्यात. आठवड्यातून निदान तीन दिवस भाकरी करावी. वर्षाची ज्वारी चार घरांनी मिळून थेट शेतकऱ्याकडून घ्यावी. घरच्या कार्यात पदार्थ मोजके ठेवून हवे तेवढेच वाढावे. येत्या रब्बीची ज्वारी बाजारात येण्यापूर्वी आपल्या सोसायटीतील अशी चार घरे निश्चित करा, एवढीच विनंती.