स्त्रियांचा न बोलला जाणारा आजार : फिस्टुला
(नाकाडोंगरी येथे वर्षावासाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



फळ्यावर विषय वाचून काही मंडळींनी माना खाली घातल्या, हे आम्ही पाहिले. आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाने या विषयावर का बोलावे, ते आधी सांगतो.

आमच्या काऊंटरवर एक बाई पैसे काढायला येत. गर्दी ओसरेपर्यंत त्या दाराबाहेरच उभ्या राहत. एकदा पाऊस नसताना त्यांचे लुगडे ओले दिसले. रांगेतल्या एकाने नाकाला रुमाल लावला, आणि खरे सांगतो, आम्हीही पंखा त्यांच्याकडे फिरवला. पुढे त्या आमच्या पत्नीजवळ मोकळ्या झाल्या. दोन वर्षांपूर्वी अंगावरून जाते म्हणून त्यांनी एका खाजगी दवाखान्यात गर्भपिशवी काढून घेतली होती. त्या पैशाची विड्रॉल स्लिप आम्हीच भरून दिली होती! घरी आल्यावर दहाव्या दिवशी लघवी आपोआप गळू लागली, ती थांबलीच नाही. रोवणीचे दिवस त्यांना बरे वाटत. बांधीत सगळ्याच बाया ओल्या, कुणाचे ओले कुणाला दिसत नाही. त्यांच्या परवानगीने, नाव न घेता, आम्ही हे सांगत आहोत.

फिस्टुला म्हणजे दोन अवयवांमध्ये, जिथे वाट नसावी तिथे पडलेली वाट. लघवीची पिशवी आणि योनीमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडले की लघवी रात्रंदिवस गळते; गुदाशयाकडून पडले तर मळ येतो. आपल्याकडे ज्याला भगंदर म्हणतात ते गुदद्वाराजवळचे, ते वेगळे. पूर्वी हा आजार मुख्यतः अडलेल्या बाळंतपणातून होई. दवाखान्यातली बाळंतपणे वाढली तसे ते कारण मागे पडत चालले आणि दुसरे पुढे आले. ते म्हणजे ऑपरेशन, विशेषतः गर्भपिशवी काढण्याचे. लघवीची पिशवी गर्भपिशवीला पुढून चिकटलेली असते. ती नीट सोडवून खाली सरकवावी लागते. तसे करताना टाका तिच्यातून गेला किंवा रक्त थांबवण्याच्या विजेने ती भाजली, तर तेवढा भाग हळूहळू मरतो आणि आठ-दहा दिवसांनी गळून पडतो. म्हणून त्रास सुरू होतो तो घरी आल्यावर, आणि बाईला वाटते की आपलेच काही चुकले. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी दिलेल्या किरणोपचारानंतर तर कधी कित्येक वर्षांनी छिद्र पडते. अंग बाहेर येते म्हणून बसवलेली आणि वर्षानुवर्षे विसरलेली रिंग, क्षयरोग, अपघात हीही कारणे आहेत.

मग प्रश्न येतो की पिशवी काढणे खरेच गरजेचे होते का? बीड जिल्ह्याचे उदाहरण घ्या. ऊसतोडीला गेलेल्या बाईचा एक दिवस बुडाला की खाडा, आणि खाड्याला दंड. पाळीचा त्रास नको म्हणून तरुण बायांनी पिशव्या काढल्या. जून 2019 मध्ये विधिमंडळात सांगण्यात आले की तीन वर्षांत त्या जिल्ह्यात 4,605 गर्भपिशव्या काढल्या गेल्या. त्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढे केंद्राने 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 5 एप्रिल 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या सर्व राज्यांना लागू करायला सांगितले. प्रत्येक पिशवी काढणे चुकीचे असते असे नव्हे. पण अंगावरून पांढरे जाते एवढ्यावर कुणी पिशवी काढा म्हणाले, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय हो म्हणू नका.

आता उपचार. लघवीच्या पिशवीत नळीने निळे औषध सोडतात आणि योनीमार्गात तीन बोळे ठेवतात. मधला बोळा निळा झाला तर छिद्र लघवीच्या पिशवीला. वरचा ओला झाला पण निळा नाही, तर मूत्रपिंडाकडून येणारी नळी फुटलेली, आणि तिचे ऑपरेशन वेगळे. शिवाय दुर्बिणीने आतून पाहतात. छिद्र बारीक आणि नवे असेल तर तीन-चार आठवडे नळी ठेवून ते कधीकधी आपोआप बुजते. नाहीतर सूज उतरण्यासाठी साधारण तीन महिने थांबून ऑपरेशन करतात. किरणोपचारानंतर याहून जास्त थांबावे लागते. ऑपरेशन खालून, पोटावरून किंवा दुर्बिणीतून होते. छिद्राच्या कडा मोकळ्या करून दोन्ही भिंती वेगवेगळ्या शिवतात आणि मध्ये शेजारच्या चरबीचे किंवा पोटातल्या पदराचे अस्तर घालतात, म्हणजे टाक्यावर टाका येत नाही. नंतर दोन-तीन आठवडे नळी आणि तीन महिने पतीपासून दूर. ऑपरेशन जाणकार हातांनी झाले तर दहातल्या आठ-नऊ बायांचे छिद्र पहिल्याच वेळी बुजते. किरणोपचार झालेल्यांचे प्रमाण कमी.

ही विद्या कुणाच्या अंगावर शिकली गेली तेही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. अमेरिकेत 1845 ते 1849 या काळात डॉ. सिम्स यांनी गुलाम स्त्रियांवर भूल न देता असे प्रयोग केले. त्यांपैकी अनार्का, बेट्सी आणि ल्यूसी ही तीन नावे नोंदली गेली. अनार्कावर सुमारे तीस ऑपरेशने झाली. न्यूयॉर्कमधला सिम्स यांचा पुतळा 2018 साली हलवला गेला.

आपल्या गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या. त्यांचा लेख 1989 साली छापला गेला. 92 टक्के स्त्रियांना आतले काही ना काही दुखणे होते, आणि पूर्वी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. बाया बोलत नाहीत, कारण ऐकणारा नाक मुरडतो. महावग्गात मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूची कथा आहे. इतरांनी टाकलेल्या त्या भिक्खूला भगवंतांनी आनंदासह स्वतः धुतले. ती कथा आम्ही किती वेळा ऐकली असेल, पण पंखा फिरवताना ती आठवली नाही.

त्या बाईंना आम्ही उभयतांनी नागपूरच्या मेडिकलला नेले. मूत्रविकाराचे डॉक्टर तिथल्या सुपर स्पेशालिटीत आहेत. कागद बनवताना आरोग्यमित्राला महात्मा फुले योजनेबद्दल विचारावे, रेशनकार्ड आणि आधार सोबत न्यावे, आणि पहिल्या ऑपरेशनचा डिस्चार्ज कागद फेकू नये. त्याच्यावरून डॉक्टरांना पुष्कळ समजते. बाईंचे पहिले ऑपरेशन टिकले नाही, सहा महिन्यांनी दुसरे झाले. मागच्या महिन्यात त्या बँकेत आल्या तेव्हा पुढे दोन माणसे होती. त्या त्यांच्या मागे रांगेत उभ्या राहिल्या.

नमो बुद्धाय, जयभीम!