दि. बा. पाटील : जमिनीचे राजकारण आणि खाडीचा हिशेब



'पर्यावरण आणि पक्षीय राजकारण' या विषयासाठी आम्ही कै. दि. बा. पाटील यांचे चरित्र निवडले याचे काहींना नवल वाटेल. दि. बा. हे शेतकरी कामगार पक्षाचे पुढारी, व्यवसायाने वकील. पर्यावरणवादी म्हणून त्यांना कोणी ओळखत नाही. झाडे, पक्षी, नद्या यांची नावे घेऊन मते मागण्याचा काळही तो नव्हता. तरीसुद्धा पनवेल-उरण या दोन तालुक्यांत जमिनीचे आणि पाण्याचे राजकारण कसे घडले हे पाहावयाचे, तर त्यांच्याच चरित्रापाशी यावे लागते. जमिनीची किंमत मागणे आणि जमीन-पाणी राखणे ही दोन कामे एकमेकांपासून तोडली, की दोन्हीही अर्धीच राहतात. त्यांतले पहिले काम दि. बां.नी केले. दुसरे अजून व्हावयाचे आहे. हे आज मांडावे असा आमचा विचार आहे.

चरित्राचा तपशील आपणांस ठाऊकच आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १३ जानेवारी १९२६ रोजी उरण तालुक्यातील जासई गावी शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. १९५७ साली, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, पनवेलने त्यांना विधानसभेत धाडले. एकंदर पाच वेळा ते आमदार झाले, आणि १९७७ व १९८४ साली लोकसभेवर निवडून गेले. विधानसभेत विरोधी पक्षनेतेपदही त्यांनी सांभाळले. उत्तरायुष्यात त्यांनी पक्ष बदलला, हेही लपविण्याचे कारण नाही. २४ जून २०१३ रोजी ते गेले. माणसाचा मोठेपणा पदांच्या यादीत नसतो. तो कोणता प्रश्न त्याने अंगावर घेतला, यात असतो.

तो प्रश्न समजण्यासाठी आधी इथली जमीन समजली पाहिजे. आपली भातशेती बरीचशी खारजमिनीवरची. खाडीच्या कडेने मातीचा बांध घालावयाचा आणि बांधात उघाडी बसवावयाची. भरतीच्या पाण्याचा दाब आला की उघाडीचे दार मिटते. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी दार ढकलून बाहेर पडते. पावसाने मीठ धुऊन गेले की भात लावता येतो. हा बांध एकट्या शेतकऱ्याला राखता येत नाही. बांधाला खांड पडली, तर ज्याचे शेत खांडीपाशी आहे तोच नव्हे, सारा गाव बुडतो. म्हणून सारा गाव टोपल्या घेऊन धावे. सरकारने १९४८ साली खारजमिनींचा कायदा केला, त्याच्या कितीतरी आधीपासून हा कायदा गावाच्या हाडीमाशी होता.

याच कुलाबा जिल्ह्यात अलिबागजवळ चरी येथे १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे कुळांनी खोतांविरुद्ध संप केला. नारायण नागू पाटील हे त्याचे पुढारी. जमीन पडीक ठेवू, पण अन्याय्य वाटणी देणार नाही, असे म्हणणारी ही माणसे. शेतकरी कामगार पक्षाला या जिल्ह्यात मुळे मिळाली ती याच भूमीत. दि. बां.चा पिंड तिथलाच.

आता १९७० सालाकडे या. मुंबईची गर्दी हलवावी म्हणून खाडीपलीकडे नवे शहर वसवावयाचे ठरले आणि सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी त्यात आल्या. कागदावर हा व्यवहार सोपा होता : इतके एकर, इतका दर, इतकी रक्कम. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, तो घराच्या डागडुजीत आणि लग्नकार्यात संपला. जमीन मात्र परत यावयाची नव्हती. आणि ज्या दिवशी शेत सरकारचे झाले, त्या दिवशी बांधालाही धनी उरला नाही. खांड पडली तर टोपली घेऊन धावणार कोण? अशा कित्येक ठिकाणी खाडीचे पाणी आत शिरले आणि भाताच्या जागी तिवरे उगवली.

दि. बां.नी इथे प्रश्न नेमका धरला. जमीन गेल्यावर शेतकऱ्याने एकदाच पैसे घेऊन बाजूला का व्हावे? त्याच्या जमिनीवर शहर उभे राहणार, त्या शहराच्या वाढत्या किमतीत त्याचा वाटा का नसावा? या मागणीसाठी जानेवारी १९८४ मध्ये जासई-उरणच्या रस्त्यावर शेतकरी उतरले. १६ आणि १७ जानेवारीला गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. चिर्ले, धुतूम, पागोटे या गावांची ही माणसे. त्या रक्तातून पुढे १९९० साली साडेबारा टक्क्यांची योजना आली : संपादन झालेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत. सार्वजनिक सोयींसाठी तीस टक्के वजा जाता हाती पावणेनऊ टक्केच पडतात, हे खरे. पण 'जमीन देणारा हा शहराचा भागीदार आहे' हे तत्त्व मान्य झाले, आणि देशात इतरत्र भूसंपादनाची चर्चा निघाली की त्याचा दाखला देतात. विमानतळासाठी पुढे २०१३ साली ठरलेली साडेबावीस टक्क्यांची योजना त्याच तत्त्वाची वाढ आहे.

येथवर गौरव झाला. आता हिशेबाची दुसरी बाजू. साडेबारा टक्के कोणाला? ज्याचे नाव सातबाऱ्यावर, त्याला. पण खाडीला सातबारा नसतो. कोळ्याचे शेत म्हणजे भरती-ओहोटीचे पाणी. ते बुजविले तर त्याला कोणत्या टक्क्याने भरपाई द्यावयाची? मिठागरात फळी ओढणारा मजूर, दुसऱ्याच्या शेतावर राबणारा कातकरी यांची नावे कोणत्या उताऱ्यावर होती? २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने उरणकडील १६३० कोळी कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यावी असा निकाल दिला. न्हावाशेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाले होते. मालकाचा हक्क लढ्याने सहा वर्षांत पदरात पडला. खाडीचा हक्क नुसता लवादाच्या कागदावर उमटावयाला पाव शतक लागले. दोष एका पुढाऱ्याचा नाही. आपण सर्वांनीच जमीन म्हणजे मालकी असे धरले, जमीन म्हणजे पाणी, मासा, मीठ आणि मजुरी हेही आहे हे धरले नाही.

परदेशातही असेच अर्धे काम झालेले दिसते, पण ते दुसरे अर्धे. पश्चिम जर्मनीत १९८० साली 'ग्रीन' पक्ष निघाला आणि १९८३ साली त्यांच्या संसदेत जाऊन बसला. पेट्रा केली या त्याच्या संस्थापकांपैकी. अणुवीज नको, क्षेपणास्त्रे नकोत, नद्या स्वच्छ हव्यात, असा त्यांचा पुकारा. त्याच सुमारास इकडे जासईचा शेतकरी रस्त्यावर होता. तिकडच्या पक्षाला कारखान्यातल्या कामगारांनी बरीच वर्षे संशयाने पाहिले : नदी वाचेल, पण माझी नोकरी जाईल त्याचे काय? आमच्याकडे प्रश्न उलटा आला. आम्ही मोबदला मागितला, नोकरी मागितली, नदी मागितली नाही.

हे आम्ही कामगार चळवळीतले म्हणून अधिकाराने बोलतो. तळोजे औद्योगिक वसाहतीच्या दारांवर आम्ही सभा घेतल्या, पगारवाढीचे करार केले. कारखान्याच्या आत कामगार जे हुंगतो, तेच बाहेर कासाडी नदीत उतरते. संध्याकाळी तोच कामगार त्या नदीकाठच्या गावी घरी जातो. कासाडीच्या प्रदूषणाचे प्रकरण हरित लवादापर्यंत गेले, ते मासेमार आणि नागरिक यांच्या तक्रारीने. कामगार संघटनांच्या मागणीपत्रांत मात्र सांडपाण्याचे कलम शोधून सापडणार नाही.

आता विमानतळ. नोव्हेंबर २०१० मध्ये त्याला पर्यावरण खात्याची मंजुरी मिळाली, फेब्रुवारी २०१८ मध्ये भूमिपूजन झाले, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला विमाने उडू लागली. सुमारे ११६० हेक्टरांचा हा पसारा. त्यासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून उतरविली, उलवे नदीचा प्रवाह वळविला, खाजण भरले आणि गावे हलविली. दि. बां.चे नाव त्याला मिळावे म्हणून २०२१ साली हजारो भूमिपुत्रांनी मानवी साखळी धरली, सिडकोवर मोर्चा नेला. राज्य विधिमंडळाने २०२२ साली तसा ठरावही केला. ही मागणी न्याय्य आहे असे आमचे मत आहे. परंतु नावाबरोबर जबाबदारी येते. ज्या शेतकऱ्याने बांध राखला त्याच्या पुढाऱ्याचे नाव लावावयाचे, आणि भरलेल्या खाजणाचे पावसाळी पाणी कोणाच्या घरात शिरेल हे विचारावयाचेच नाही, हे त्या नावाला शोभणारे नाही.

म्हणून शेवटी तीन गोष्टी आपणांपुढे ठेवतो. पहिली : यापुढे कोणतेही भूसंपादन झाले तर सातबाऱ्यावरच्या मालकाबरोबर कोळी, मिठागरकामगार आणि आदिवासी यांचीही मोजणी झाली पाहिजे. दुसरी : कामगार संघटनांनी प्रत्येक मागणीपत्रात कारखान्याच्या सांडपाण्याचे कलम घातले पाहिजे. तिसरी : पनवेलची महानगरपालिका २०१६ साली झाली. तिच्या निवडणुकीत मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक पक्षाला गाढी आणि कासाडी यांच्याविषयी लेखी उत्तर विचारा.

दि. बां.नी सरकारला हिशेब विचारावयास शिकविले. तो हिशेब एकराने सुरू झाला, तो आता पाण्यापर्यंत नेणे आपल्या हाती आहे.