औषधाला दाद न देणारी कावीळ

हिपॅटायटिस बी, म्हणजे ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणू यकृतात वर्षानुवर्षे ठाण मांडू शकतो. त्यावरचे औषध चालेनासे झाले, की ‘औषधानेच विषाणू बिघडवला’ असे म्हटले जाते. ते खरे नाही. हा विषाणू रोज स्वतःच्या अब्जावधी प्रती काढतो आणि नक्कल करणाऱ्या त्याच्या विकराला आपल्या चुका तपासता येत नाहीत. त्यामुळे वेगळ्या घडणीचे विषाणू आधीपासूनच तयार होत असतात. औषध बाकीच्या विषाणूंना रोखते आणि हे वेगळे फोफावतात. लॅमिव्हुडिन हे औषध एकटेच दिले, तेव्हा पाच वर्षांत सुमारे 70 टक्के रुग्णांत विषाणू त्याला जुमानेनासा झाला. विकरातला 204 क्रमांकाचा एकच घटक बदलणे त्यासाठी पुरेसे होते!

मग गोळ्या घ्यायच्याच कशाला, असे कुणी विचारील. पण टेनोफोव्हिर या औषधाच्या आठ वर्षांच्या चाचण्यांत त्याला प्रतिरोध सिद्ध झाला नाही. एन्टेकॅव्हिरही नव्या रुग्णांत टिकते, पण पूर्वी लॅमिव्हुडिन घेतलेल्यांत ते पुष्कळदा निष्प्रभ होते. म्हणून डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या जपायला हव्यात. बरे वाटले म्हणून गोळी सोडणे तर अधिकच घातक. विषाणूचा मूळ साचा पेशीच्या केंद्रकात शाबूत असतो, त्यामुळे आजार पुन्हा उसळू शकतो. 28 जुलै 2018 पासून या आजारासाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. मुरुम-उमरगा परिसरातल्या श्रोत्यांनो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवू नका.