जुन्या गाडीला ऑइल कोणतं?



गाडीच्या मीटरने लाखाचा आकडा ओलांडला, की गॅरेजवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे एकच सल्ला देतात, ‘आता जाड ऑइल घाला.’ हा सल्ला कधी उपयोगी पडतो, कधी अंगाशी येतो. म्हणून आज डब्यावरचे आकडे नीट समजून घेऊ.

५ डब्ल्यू ३०, १५ डब्ल्यू ४० अशी ही भाषा असते. पहिला आकडा थंडीतला. तो जितका लहान, तितकं गार इंजिनात ऑइल लवकर पोचतं. दुसरा आकडा इंजिन तापल्यावर ऑइल किती दाट राहतं ते सांगतो. ही मोजणी १०० अंश सेल्सिअसला होते. जबलपूरच्या हिवाळ्यात १५ डब्ल्यूचं ऑइलही गाडी सुरू करायला पुरतं. आपल्याकडे खरा प्रश्न दुसऱ्या आकड्याचा आहे.

आपल्याच शहरातल्या व्हेईकल फॅक्टरीत तयार झालेली लष्करी जोंगा आठवा. तिचं मोठं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन जुन्या घडणीचं. त्याला दाट ऑइल मानवतं. पण पंधरा वर्षांपूर्वीच्या कितीतरी छोट्या मोटारींत ऑइलच्या वाटा अरुंद आहेत आणि व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणाही ऑइलच्या दाबावर चालते. तिथे २० डब्ल्यू ५० ओतलं, तर सकाळी सुरू करताना ऑइल उशिरा पोचतं. झीज वाढते ती त्याच क्षणी.

मग बदल करायचा कधी? गाडीच्या पुस्तिकेत बहुधा हवामानानुसार दोन-तीन ग्रेड दिलेल्या असतात. ऑइल थोडं कमी व्हायला लागलं असेल, किंवा मे महिन्यात नागपूरपर्यंतची दौड नेहमीची असेल, तर त्यांतली दाट ग्रेड घ्या. ३० ऐवजी ४०. पुस्तिकेच्या बाहेर जाऊ नका. ‘हाय मायलेज’ लिहिलेल्या ऑइलमध्ये कडक झालेली रबरी सिलं मऊ करणारी द्रव्यं असतात. बारीक पाझर त्याने कमी होतो, झिजलेल्या पिस्टन रिंगा मात्र सुधारत नाहीत. सकाळी सुरू करताना निळ्या धुराचा एखादा झोत आला, तर संशय व्हॉल्व्ह सिलांवर घ्या. नागपूरच्या वाटेवर कुरईच्या घाटात चढावर सतत निळा धूर येत असेल, तर रिंगा तपासून घ्या. तिथे डबा बदलून काही होणार नाही.

आता ग्वारीघाटला गाडीने जाणाऱ्यांसाठी. संध्याकाळी शहरातून नर्मदेच्या आरतीला जायचं, गाडी बंद करायची, तासाभराने परत यायचं. एवढ्या अंतरात ऑइल पुरतं तापत नाही. ज्वलनातून निघालेलं पाणी आणि थोडं पेट्रोल त्यातच राहतं. झाकणाच्या आत दुधट साय दिसते ती यामुळे. तीच साय डिपस्टिकवरही दिसली, तर कूलंट मिसळतंय का ते लगेच बघून घ्या. किलोमीटर कमी झाले म्हणून अशा गाडीचं ऑइल दोन-दोन वर्षं ठेवू नका; वर्षातून एकदा तरी, फिल्टरसकट, बदला. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवा.

पातळी दर पंधरवड्याला पाहा. गाडी सपाटीवर, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसा, पुन्हा बुडवा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं; वरच्या खुणेपेक्षा जास्त भरणंही वाईट. सुटं ऑइल स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका, सीलबंद डबाच घ्या.

आणि एक विनंती. काढलेलं काळं ऑइल घराजवळच्या नाल्यात ओतू नका. पावसात तो नाला नर्मदेकडेच जातो. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. ते डब्यात भरा आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे पाठवणाऱ्या गॅरेजच्या हवाली करा.