जेवणानंतरचा तास दोघांचा



२०१६ नंतर नेट स्वस्त झालं आणि आपल्या घराघरात मोबाईल आला. मालक पुण्या-मुंबईला कामाला असले तर व्हिडिओ कॉलवर तोंड तरी दिसतं. ही सोय मोठीच.

पण दोघं एकाच घरात असताना काय होतं? बऱ्याच रिचार्जमध्ये रोजचा दीड-दोन जीबी मिळतो आणि उरलेला रात्री बाराला जातो. वाया जाऊ नये म्हणून ते अंथरुणात रील बघतात, आपण मालिका. पाठीला पाठ.

गटाचा हप्ता, मुलीची फी, दिवसा मनाला लागलेला एखादा शब्द, हे सगळं याच वेळी बोलून व्हायचं. आता मनातच साठतं. मग "एवढं कुणाशी चाललंय?" असा संशय येतो. चोरून फोन तपासला की भांडण आणखी वाढतं.

तेव्हा आपण एवढं करू. जेवायला बसताना दोन्ही फोन फडताळात ठेवू, आधी आपला, मग त्यांना सांगू. तासभर बोलू. नेट उद्या पुन्हा मिळेल.

काय फरक पडला, ते पुढच्या बैठकीत नक्की सांगा.