आधी सातबाऱ्यावर नाव, मग एक खिडकी

आम्ही आरोंद्याच्या बचत गटातल्या बायका. मागच्या वेळी आपण आमसुलं वाळवताना बुरशी कशी टाळायची ते बोललो. आज विषय जरा कागदपत्रांचा आहे. रेडिओ बंद करू नका. कागद म्हटला की आपण म्हणतो, "ते घरातले पुरुष बघतील." म्हणूनच आज हे बोलायचं ठरवलं.

बातम्यांत तुम्ही "एक खिडकी" हा शब्द ऐकला असेल. कारखाना, हॉटेल, कोणताही मोठा उद्योग काढायचा तर पूर्वी दहा ऑफिसांत दहा अर्ज करावे लागायचे. जमीन, बिनशेती, वीज, पाणी, प्रदूषण, सगळ्याची वेगळी खिडकी. उद्योजक कंटाळून दुसऱ्या राज्यात जायचा. म्हणून महाराष्ट्र शासनाने "मैत्री" नावाचा कक्ष काढला. 2023 मध्ये त्यासाठी कायदाही केला, महाराष्ट्र उद्योग, व्यापार व गुंतवणूक सुविधा अधिनियम. हेतू असा की अर्ज एका जागी द्यायचा आणि परवानग्या ठरलेल्या मुदतीत मिळवायच्या.

जमिनीचे नियमही सैल होत आले आहेत. आपल्याकडे 1948 च्या कूळ कायद्याप्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. पण खऱ्या उद्योगासाठी, काही अटींवर, शेतकरी नसलेल्या माणसालाही ती थेट घेता येते. औद्योगिक वापरासाठी बिनशेती परवानगीची पायरीही बऱ्याच ठिकाणी कमी केली आहे.

आम्ही याच्या विरोधात नाही. आपल्या पोरांना कामासाठी खाडीपलीकडे गोव्यात किंवा मुंबईला जावं लागतं, ते आम्ही बघतो. 2021 मध्ये चिपीला विमानतळ सुरू झाला, 2023 पासून पलीकडे मोपाहून विमानं उडायला लागली. रस्त्याकडेच्या जमिनीची विचारपूस वाढली. उद्योग आला तर चार पैसे गावात राहतील. पण परवानग्या लवकर मिळायला लागल्या, की आधी कोणाचं काम होतं? ज्याचा कागद तयार आहे, त्याचं. आपला कागद तयार आहे का, एवढंच आज विचारायचं आहे.

आमच्याच गटाची गोष्ट सांगतो. आम्ही दहा जणी. कोकम आगळ, आमसुलं, कुळीथ पीठ, थोडे काजू असं करतो. एका घराच्या पडवीत काम चालायचं. पावसात ती गळायची. मग ठरवलं, छोटी शेड बांधूया, काजूगर काढायचं यंत्र घेऊया. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान मिळतं, म्हणून अर्ज केला. बँकेत गेलो. साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "जागा कोणाच्या नावावर आहे?"

जागा आमच्यातल्या एका काकींच्या घरची. सातबारा काढला आणि आम्ही गप्पच झालो. त्यावर एकोणीस नावं. पहिलं नाव सासऱ्यांचं, त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. त्यांचे भाऊ, मुंबईचे चुलत दीर, लग्न होऊन गेलेल्या नणंदा. काकींचे यजमान तीन वर्षांपूर्वी वारले, त्यांचं नाव तसंच होतं. काकींचं नाव कुठेच नव्हतं. त्या म्हणाल्या, "मी ह्या कुणग्यात तीस वर्सां तरवो लावलंय गो बाय. आणि माझा नाव खयच नाय?"

यात दोष एकट्या कोणाचा नाही. वारस नोंद करायला कोणी गेलंच नव्हतं. काकींना वाटलं दीर करतील, दिरांना वाटलं घाई काय आहे.

वारसांचे कागद जमवायला आम्ही लागलो, आणि त्याच दिवसांत एक माणूस गावात फिरायला लागला. रस्त्यालगतची जमीन हवी म्हणे, मोठ्या पार्टीसाठी. तो काकींच्या घरी आला. म्हणाला, "वारस नोंद, फेरफार, सगळं आमची माणसं करून देतील. तुम्ही फक्त इथे सही करा." मुंबईच्या दिरांनी कुलमुखत्यारपत्राला होकार दिला होता. काकींना इसार म्हणून काही रक्कम द्यायची बोली होती. घरात मुलाचं शिक्षण, डोक्यावर दवाखान्याचं कर्ज. काकींनी पेन हातात घेतलं होतं. मग म्हणाल्या, "गटाक विचारून सांगतंय."

तो कागद आम्ही रात्री बसून वाचला. ते होतं हक्कसोडपत्र. म्हणजे सही केली असती तर काकींचा हिस्सा कायमचा गेला असता, आणि इसाराची रक्कम कागदावर कुठेच लिहिलेली नव्हती. जमीन विकायची की नाही हा काकींचा प्रश्न, त्यात गट बोलणार नाही. पण आपण काय विकतोय, किती विकतोय, केवढ्याला विकतोय, हे न कळता सही करायची नाही, एवढं आम्ही त्या रात्री ठरवलं.

त्या माणसाचं काम पंधरा दिवसांत होणार होतं. आमचं काम सात महिने चाललं. दोघांसाठी कायदा एकच. त्याच्याकडे वकील, गाडी आणि वेळ होता. आमच्याकडे निम्मे दाखलेच नव्हते.

म्हणून कोणते कागद लागतात ते आता नीट ऐका. जवळ वही असेल तर लिहून घ्या.

पहिलं काम वारस नोंदीचं. घरातला खातेदार वारला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, अर्ज द्यायचा. सोबत मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावं, पत्ते आणि नातं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, आणि 8-अ चा उतारा. उशीर झाला असेल तरी अर्ज करता येतो, घाबरून बसू नका. अर्ज ऑनलाइन ई-हक्क प्रणालीतूनही देता येतो. मग फेरफार लिहिला जातो, नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस देतात आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. 2025 मध्ये शासनाने "जिवंत सातबारा" मोहीम काढली, ती याचसाठी, की मयताचं नाव जाऊन जिवंत वारसांची नावं लागावीत. अर्जात बायको आणि मुली, सगळ्यांची नावं आहेत का ते स्वतः वाचा. मुलींची नावं "राहून जातात", हे आम्ही पाहिलंय.

दुसरं, लेकींचा हक्क. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि पुढे केंद्राने 2005 मध्ये कायदा बदलून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा हक्क जन्मापासूनचा आहे, 2005 साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही. भावाला द्यायचं असेल तर प्रेमाने द्या. पण हक्कसोडपत्र वाचून, समजून द्या. चहाच्या कपाबरोबर पुढे आलेल्या कागदावर सही करू नका.

तिसरं, नवरा हयात असतानाचं. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती, की शेतकऱ्याने आपल्या जमिनीत बायकोचं नाव लावावं. 1992 मध्ये शासनानेही लक्ष्मी मुक्ती योजना आणली. नवऱ्याने स्वखुशीने अर्ज दिला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. घराचंही तसंच. ग्रामपंचायतीच्या घरपत्रकावर दोघांची नावं लावता येतात. गटाच्या सभेत नवऱ्यांना बोलवा, चहा द्या आणि विषय काढा. आमच्याकडे पहिल्या सभेला तिघेच आले होते. त्यातल्या एकाने नाव लावलं आणि दुसऱ्या सभेला अकरा आले.

तुम्ही म्हणाल, नावाचा एवढा आग्रह कशाला, जमीन घरातच आहे ना? मोठा प्रकल्प येतो तेव्हा नोटीस खातेदाराच्या नावाने निघते, मोबदलाही खातेदाराच्या नावाने मिळतो. 2017 मध्ये राजापूर तालुक्यात नाणार परिसरातल्या जमिनींसाठी अधिसूचना निघाली. लोकांनी विरोध केला आणि 2019 मध्ये ती रद्द झाली. तिथे होकार देणारे असोत वा नकार देणारे, कागदावर म्हणणं मांडायचं तर कागदावर नाव लागतं. आणि नोंद बिघडली की किती त्रास होतो ते आपल्याच सावंतवाडी तालुक्यात आंबोली, चौकुळ, गेळे इथल्या लोकांना विचारा. कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न तिथे पिढी बदलली तरी रेंगाळत राहिला.

आता एक महत्त्वाची गोष्ट. आपल्यातल्या कितीतरी जणींचं पोट सातबाऱ्यावर नसतंच. तेरेखोलच्या खाडीत भरती-ओहोटी बघून तिसऱ्या, खुबे काढणारी बाई कोणत्या सातबाऱ्यावर आहे? मासळीची पाटी घेऊन फिरणारी कुठे आहे? त्यांच्यासाठी दुसरी जागा आहे, जाहीर सुनावणी. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे ज्या मोठ्या प्रकल्पांना सुनावणी लागते, तिची सूचना किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात द्यावी लागते. प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. तिथे जमीनमालक असण्याची अट नाही. ज्याच्यावर परिणाम होणार तो बोलू शकतो, लेखी देऊ शकतो. 2020 मध्ये केंद्राने नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला, त्यात हे 30 दिवस 20 करायचं सुचवलं होतं. दहा दिवसांनी काय होतं, असं वाटेल. पण अहवाल मिळवायचा, कोणाकडून समजून घ्यायचा, बायकांना गोळा करायचं, त्यात भात लावणीचे दिवस. आपल्याला ते दहा दिवस लागतात. प्रक्रिया सोपी करा, जरूर करा. पण विचारण्याचे दिवस कापून नको.

आपल्या आरोंद्यात जेटीवरून जो वाद पेटला तो आपण विसरलो नाही. कोण बरोबर, कोण चूक, ते इथे काढत नाही. पण तेव्हा घराघरांत एकच वाक्य ऐकू यायचं, "आमका कोणी विचारूकच नाय." आधी विचारलं असतं, तर उद्योगवाल्याचाही वेळ वाचला असता. गावाला विश्वासात घेऊन आलेला उद्योग टिकतो.

आणि विचारण्याची जागा गावातच आहे. ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. ती कागदावरच होते का, ते तपासा. सभेत विचारा, "गावात कोणत्या उद्योगाचा अर्ज आलाय? पाणी कुठलं वापरणार? कामावर कोणाला घेणार?" उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

आता आपल्या स्वतःच्या धंद्याचं. परवानग्या सोप्या झाल्या त्या आपल्यासाठीही झाल्या आहेत. 2020 पासून उद्यम नोंदणी आधारवर, ऑनलाइन आणि मोफत होते. कोणी पैसे मागितले तर देऊ नका. खाद्यपदार्थ करत असाल तर आपल्यासारख्या छोट्या उत्पादकाला मोठा परवाना लागत नाही, अन्नसुरक्षेची साधी नोंदणी पुरते, फी वर्षाला 100 रुपये. मघाच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत गटातल्या सदस्याला 40,000 रुपयांपर्यंत बीज भांडवलाचीही सोय आहे. शेजारच्या वेंगुर्ल्यात स्वामिनी बचत गटाच्या बायका मांडवी खाडीत कांदळवनाची सफर घडवतात, पर्यटकांना होडीतून फिरवतात. गुंतवणूक म्हणजे फक्त बाहेरून येणारा शेठ असं नाही. दहा जणींची बचत हीसुद्धा गुंतवणूकच.

आणि अर्ज अडला तर? 2015 चा लोकसेवा हक्क कायदा लक्षात ठेवा. त्यात अधिसूचित केलेली सेवा ठरलेल्या दिवसांत देणं बंधनकारक आहे. अर्ज दिला की पोच घ्या, त्यावर क्रमांक असतो. मुदतीत काम झालं नाही किंवा नाकारलं, तर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. कारण नसताना अडवणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. भांडायला जाऊ नका, पोच घेऊन जा. आमचा अनुभव आहे, पोच टेबलावर ठेवली की बोलण्याचा सूर बदलतो.

काकींचं काय झालं, ते राहिलंच. त्यांचं नाव लागलं, दोन्ही मुलांचं लागलं, लेकीचंही लागलं. मुंबईच्या दिरांशी बोलणं झालं. जमीन अजून सामाईकच आहे, वाटप बाकी आहे. पण सगळ्यांच्या संमतीने गटाला शेडपुरती जागा भाडेकराराने मिळाली. कर्जाची फाईल बँकेत आहे. मंजूर झाली की सांगू, नाही झाली तरी सांगू.

तर मैत्रिणींनो, पुढच्या सभेपर्यंत एकच काम. प्रत्येकीने आपल्या घरच्या जमिनीचा सातबारा आणि घरपत्रकाचा उतारा काढून आणायचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शेजारणीने वाचून दाखवायचा. आपलं नाव आहे का बघायचं. नसेल तर वहीत लिहायचं, कोणाचं नाव आहे आणि तो माणूस हयात आहे का. तिथून सुरुवात करू.

श्री देवी सातेरी भद्रकालीची सगळ्यांवर कृपा राहो. नमस्कार. येतो आम्ही.